हृदयाचा बचाव, हृदयाची बांधणी

पुण्यात नवख्या माणसाचा एक गोंधळ हमखास होतो. गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे; तेव्हा दोन्ही नावं एकाच माणसाची असणार, असं तो धरून चालतो. रस्ता ‘सुधारक’कर्त्या आगरकरांचा. संस्था मालवणात जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांची. १९४६ मध्ये ‘महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी’ या नावानं ती सुरू झाली, आघारकर तिचे पहिले संचालक होते आणि १९९२ मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं. शेतकऱ्यांना ती ‘एमएसीएस’ या नावाच्या गव्हाच्या आणि सोयाबीनच्या वाणांमुळे ठाऊक असते. हृदयविकाराशी तिचा काही संबंध असेल, हे सहसा कुणाच्या मनातही येत नाही.

पण याच संस्थेच्या एका प्रयोगशाळेत टाक्यांमधून जेमतेम दीड इंची, अंगावर निळसर पट्टे असलेले मासे पोहत असतात. हा झेब्राफिश. त्याच्या हृदयाचा एक तुकडा निकामी केला, तर काही महिन्यांत तिथे नवा, धडधडणारा स्नायू तयार होतो. माणसाच्या हृदयाला हे जमत नाही. माशाला ते कसं जमतं, याचा छडा लावणाऱ्यांमध्ये इथले संशोधक चिन्मय पात्रा आणि त्यांचे सहकारी आहेत.

त्यांच्या कामाकडे वळण्याआधी एक फरक नीट समजून घ्यायला हवा. संकटात सापडलेली पेशी वाचवणं ही एक गोष्ट, आणि मेलेल्या पेशीच्या जागी नवी घडवणं ही दुसरी. पहिल्या कामात ‘हीट शॉक प्रथिनं’ नावाची मंडळी पुढे असतात. दुसऱ्या कामाला पुनर्जनन म्हणतात. बातम्यांमध्ये या दोन्हींची सरमिसळ होते आणि मग ‘हृदय पुन्हा तरुण करणारं औषध आलं’ असे मथळे झळकतात. बचाव आणि बांधणी यांचा हिशेब वेगवेगळा मांडला, की खरोखर काय हाती आलं आहे आणि काय अजून दूर आहे, ते स्पष्ट दिसतं.

न भरून येणारं नुकसान

आपल्या हृदयाच्या डाव्या जवनिकेत साधारण दोन ते चार अब्ज स्नायूपेशी असतात. हृदयाला रक्त पुरवणारी एखादी मोठी धमनी तुंबली, की काही तासांत त्यांतल्या अब्जभर पेशी मरू शकतात. मेलेल्या पेशींच्या जागी शरीर कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनाचा व्रण भरतं. ही डागडुजी तातडीची आणि गरजेची असते. ती झाली नाही तर हृदयाची भिंतच फाटेल. पण व्रण आकुंचन पावत नाही. उरलेल्या स्नायूवर जादा भार पडतो, हृदय हळूहळू पसरतं, आणि काही वर्षांनी रुग्णाला जिना चढतानाही धाप लागू लागते.

प्रौढ माणसाच्या हृदयात नव्या स्नायूपेशी अजिबात तयार होत नाहीत, असं विसाव्या शतकात बहुतेक डॉक्टर मानत. २००९ मध्ये स्वीडनमधल्या योनास फ्रिसेन यांच्या गटानं हा समज तपासला, आणि त्यासाठी त्यांनी वापरलेली युक्ती मोठी नामी होती. १९५० च्या दशकात आणि १९६० च्या सुरुवातीला उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण झपाट्यानं वाढलं. १९६३ च्या चाचणीबंदी करारानंतर ते उतरत गेलं. पेशी जन्मते तेव्हा तिच्या डीएनएत त्या काळच्या हवेतला कार्बन कायमचा नोंदला जातो. मृत व्यक्तींच्या हृदयपेशींतला हा कार्बन मोजून त्यांनी पेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का स्नायूपेशी बदलल्या जातात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. म्हणजे क्षमता शून्य नाही, पण काही तासांत पाव हृदय गमावलेल्या माणसाला ती पुरणारी नाही.

वाढलेलं तापमान आणि फुगलेली गुणसूत्रं

आता बचावाच्या बाजूकडे वळू. तिची सुरुवात हृदयापासून फार लांब, फळमाशीच्या लाळग्रंथीत झाली.

१९६० च्या सुमारास इटलीत फेरुच्चो रितोसा फळमाशीच्या अळ्यांची गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. या अळ्यांच्या लाळग्रंथींतली गुणसूत्रं एरवीपेक्षा कितीतरी पट जाड असतात. त्यांच्यावर आडवे पट्टे दिसतात, आणि जिथे जनुकांचं काम जोरात चालू असतं तिथे गुणसूत्र फुगलेलं दिसतं. एके दिवशी प्रयोगशाळेत कुणीतरी इनक्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं. रितोसांनी त्या अळ्या तपासल्या, तर एरवी न दिसणाऱ्या ठिकाणी नवे फुगे आलेले. उष्णता लागताच काही ठरावीक जनुकं जागी होत होती. एका नामांकित नियतकालिकानं हा शोधनिबंध ‘जीवशास्त्राच्या दृष्टीनं महत्त्वाचा नाही’ म्हणून परत पाठवला. अखेर १९६२ मध्ये ‘एक्सपिरिएन्शिया’त तो छापून आला. त्या जनुकांपासून तयार होणारी प्रथिनं सापडायला १९७४ उजाडलं. कॅलिफोर्नियात आल्फ्रेड तिसिएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती दाखवली आणि त्यांना ‘हीट शॉक प्रथिनं’ हे नाव चिकटलं.

भारतात या विषयाची मुळं बनारस हिंदू विद्यापीठात रुजली. सुभाष लखोटिया यांनी तिथे उष्णतेनं जागं होणारं फळमाशीचं एक अजब जनुक अनेक वर्षं अभ्यासलं. त्याच्यापासून प्रथिन तयारच होत नाही, नुसता आरएनए तयार होतो. त्यांच्याबरोबर काम केलेले बिमलेंदू नाथ पुढे पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात आले. नाथ यांचा आवडता प्राणी कायरोनोमस. संध्याकाळी नदीकाठी डोक्यावर थव्यानं घिरट्या घालणारे, पण न चावणारे जे कीटक दिसतात, त्या कुळातला हा. त्याच्या लालभडक अळ्या गढूळ, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तग धरतात. नाथ आणि लखोटिया यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की उष्ण प्रदेशातल्या या कीटकाचा उष्णतेला मिळणारा प्रतिसाद ऋतूप्रमाणे बदलतो. अळीची अवस्था आणि शरीरातला अवयव बदलला तरी बदलतो. सगळ्या पेशी उष्णतेला सारख्याच तयारीनं तोंड देत नाहीत, हा धडा पुढे हृदयाच्या बाबतीतही कामी येणार होता.

उष्णतेनं पेशीत नेमकं बिघडतं काय? अंडं उकडल्यावर पांढरा बलक घट्ट होतो, तेच. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. ती विशिष्ट घडी घालून बसली तरच काम करते. तापमान वाढलं की घडी सुटते, आतले चिकट भाग उघडे पडतात, आणि शेजारशेजारची प्रथिनं एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. हीट शॉक प्रथिनं हे टाळतात. त्यांतलं एचएसपी-७० सुटलेल्या साखळीचे उघडे भाग पकडून धरतं आणि तिला पुन्हा घडी घालायला उसंत देतं. एचएसपी-६० पिंपासारख्या आकाराचं असतं. ते साखळीला आपल्या पोकळीत घेतं आणि इतरांच्या गर्दीपासून दूर घडी घालू देतं. ही पिंपं प्रामुख्यानं मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात असतात. नावांतले आकडे या प्रथिनांच्या वजनाचे, किलोडाल्टनमधले आहेत.

धोका ओळखण्याची व्यवस्थाही साधी आहे. एचएसएफ-१ नावाचं एक प्रथिन एरवी एचएसपी-७० आणि एचएसपी-९० यांच्या ताब्यात गप्प बसलेलं असतं. लग्नघरात अचानक पाहुण्यांची झुंबड उडाली, मोठी माणसं त्यांच्या सरबराईत गुंतली, की इतका वेळ धरून ठेवलेलं पोर हातातून निसटतं, तसंच इथे होतं. बिघडलेल्या प्रथिनांची गर्दी झाली की रखवालदार तिकडे धावतात, एचएसएफ-१ मोकळं सुटतं, तिघे-तिघे एकत्र येऊन पेशीकेंद्रात शिरतं आणि हीट शॉक जनुकांना कामाला लावतं. पुरेशी नवी प्रथिनं तयार झाली की त्यातलीच काही एचएसएफ-१ ला पुन्हा ताब्यात घेतात.

हा प्रतिसाद फक्त उष्णतेला मिळतो असं नाही. प्राणवायूची टंचाई, आम्लता, विषारी धातू, जखम, यांपैकी कशानंही प्रथिनांची घडी मोडली की तो सुरू होतो. हृदयविकाराच्या झटक्यात यांतल्या बऱ्याच गोष्टी एकाच वेळी घडतात.

तापवलेले उंदीर

मग आधीच हीट शॉक प्रथिनांचा साठा करून ठेवला तर हृदय झटका सोसेल का? १९८८ मध्ये विल्यम करी आणि सहकाऱ्यांनी उंदीर १५ मिनिटं ४२ अंश सेल्सिअसपर्यंत तापवले. दुसऱ्या दिवशी त्यांची हृदयं वेगळी काढून त्यांचा रक्तपुरवठा थांबवला आणि पुन्हा सुरू केला. न तापवलेल्या उंदरांपेक्षा या हृदयांचं काम अधिक चांगलं पूर्वपदावर आलं. पण ताप चढला की शरीरात इतरही शंभर गोष्टी बदलतात. श्रेय एचएसपी-७० चंच कशावरून? १९९५ मध्ये एका गटानं जन्मतःच जास्त एचएसपी-७० बनवणारे उंदीर तयार केले. त्यांना तापवायची गरजच नव्हती. त्यांच्या हृदयांत रक्त अडवल्यानंतर मेलेला भाग साध्या उंदरांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी लहान निघाला. त्याच वर्षी दुसऱ्या गटानंही असाच निष्कर्ष काढला. इथे शंकेला फारशी जागा उरली नाही.

मदतनीसच बिघडला तर काय होतं, हेही समोर आलं. अल्फा-बी क्रिस्टॅलिन हे एक लहान हीट शॉक प्रथिन डोळ्याच्या भिंगात असतं आणि हृदयाच्या स्नायूतही भरपूर असतं. १९९८ मध्ये एका फ्रेंच कुटुंबात त्याच्या जनुकातली एका अक्षराची चूक सापडली. त्या कुटुंबातल्या लोकांना मोतीबिंदू, स्नायूंचा अशक्तपणा आणि हृदयस्नायूचा विकार एकत्र होत होता. त्यांच्या स्नायूपेशींत प्रथिनांच्या गुठळ्या साचलेल्या होत्या.

एवढं भक्कम पाठबळ असूनही एचएसपी-७० वाढवून हृदयविकाराचा झटका हमखास परतवणारं औषध आज डॉक्टरांच्या हाती नाही. जपानमध्ये पोटाच्या व्रणावर अनेक वर्षं दिलं जाणारं टेप्रेनोन प्रयोगात हे प्रथिन वाढवतं, पण त्यावरून हृदयरुग्णांसाठी उपचार उभा राहिलेला नाही. अडचण वेळेची आहे. उंदराला प्रयोगाच्या आदल्या दिवशी तापवता येतं. माणसाला झटका कधी येणार, ते आदल्या दिवशी कुणालाच ठाऊक नसतं. आणि प्रयोगशाळेतलं यश दवाखान्यात टिकतंच असंही नाही. दंडावर पट्टा आवळून आणि सोडून हृदयाची सहनशक्ती वाढवण्याची अशीच एक आशादायक पद्धत होती. झटका आलेल्या ५ हजारांहून अधिक रुग्णांवर युरोपात तिची चाचणी झाली; २०१९ मध्ये निकाल आला आणि फायदा काहीच दिसला नाही.

‘उन्हात घाम गाळला की हृदय कणखर होतं’ असा अर्थ कुणी या प्रयोगांतून काढू नये. उंदराला १५ मिनिटं मोजून दिलेली उष्णता वेगळी आणि एप्रिलच्या दुपारी शरीरातलं पाणी आटवणारं ऊन वेगळं. दुसऱ्यात रक्त दाट होतं, नाडी धावते, आणि आधीच अधू असलेलं हृदय अडचणीत येतं.

मुख्य मुद्दा असा, की एचएसपी-७० जिवंत पेशीला जगवतं. मेलेल्या पेशीसाठी ते काही करू शकत नाही. तिथून बांधणीचा प्रश्न सुरू होतो.

हायड्रापासून माशापर्यंत

प्लॅनेरियाचं पुनर्जनन आणि हायड्राचं मुकुलायन आपल्याकडे शालेय पुस्तकांत असतं. बहुतेकांचा या विषयाशी संबंध तिथेच संपतो. पुण्यात मात्र तो पुढे चालू राहिला. पुणे विद्यापीठात लीला मुळहेरकरांनी कोंबडीच्या गर्भावर काम करत विकासजीवशास्त्राची एक परंपरा उभी केली. आघारकर संस्थेत सुरेंद्र घासकडबी यांनी हायड्रा हाताशी धरला. गोड्या पाण्यातला, काही मिलिमीटर लांबीचा हा जीव कापला तर दोन्ही तुकडे पुरे होतात. २०११ मध्ये घासकडबींच्या गटानं आपल्याकडच्या सामान्य हायड्राची शास्त्रीय ओळख प्रसिद्ध केली आणि त्या वाणाच्या नावात ‘पुणे’ आलं. खुद्द आघारकरांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पश्चिम घाटातल्या नदीत गोड्या पाण्यातला जेलीफिश शोधला होता. तोही हायड्राच्याच गोतावळ्यातला.

बचाव आणि बांधणी ही वेगळी खाती आहेत, याची साक्ष हायड्रा देतो. १९८८ मध्ये थॉमस बॉश आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हायड्राची एक जात उष्णता लागताच हीट शॉक प्रथिनं बनवते, तर हायड्रा ऑलिगॅक्टिस ही दुसरी जात जवळजवळ बनवतच नाही आणि थोड्या उष्णतेनंही दगावते. तोडलेलं अंग पुन्हा उगवायची हातोटी मात्र दोघींकडे आहे. म्हणजे उष्णतेविरुद्धची ढाल नसली तरी अंग उगवतं.

तरीही दोन्ही खात्यांत देवाणघेवाण असतेच. २००५ मध्ये अमेरिकेत मार्क कीटिंग यांच्या गटानं झेब्राफिशचा एक सदोष वाण तपासला. साध्या तापमानाला तो ठीक असे, पण पाणी अधिक गरम ठेवलं की कापलेला शेपटीचा पर पुन्हा उगवत नसे. दोष निघाला एचएसपी-६० च्या जनुकात. पर उगवताना जखमेच्या टोकाशी झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींचा पुंजका तयार होतो. त्या पेशींना ऊर्जा भरपूर लागते. मायटोकॉन्ड्रियातली पिंपं निकामी झाली की त्या पेशी मरतात आणि पुनर्जनन थांबतं. बांधकाम सुरू असताना कामगार जिवंत राहायला हवेत, एवढं तरी यातून पक्कं झालं.

माशाच्या हृदयाची गोष्ट २००२ मध्ये जगासमोर आली. केनेथ पॉस, लिंडसे विल्सन आणि कीटिंग यांनी झेब्राफिशच्या जवनिकेचा सुमारे २० टक्के भाग कापून टाकला आणि दोन महिन्यांत तो परत आलेला पाहिला. हा मासा मूळचा भारतीय उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं होतं. आपल्या नद्या-ओढ्यांतला मासा परदेशी प्रयोगशाळांत नावारूपाला आला आणि मग प्रयोगासाठी पुण्यात पोहोचला.

अशा प्रयोगात हाताला किती नजाकत लागते, ते पाहण्यासारखं आहे. मासा भूल मिसळलेल्या पाण्यात सोडतात. तो निपचित झाला, की ओल्या स्पंजला पाडलेल्या खाचेत पोट वर करून बसवतात. सूक्ष्मदर्शकाखाली छातीवरचे खवले दूर करून लहानसा छेद घेतात. आत टाचणीच्या डोक्याएवढं हृदय उड्या मारताना दिसतं: एक कर्णिका, एक जवनिका, बस्स. द्रवरूप नायट्रोजनमध्ये गार केलेली तांब्याची बारीक तार जवनिकेला काही सेकंद टेकवली, की तेवढा भाग गोठून मरतो. टाके घालत नाहीत. मासा ताज्या पाण्यात ठेवून ड्रॉपरनं कल्ल्यांवर पाण्याची धार सोडतात. थोड्या वेळात तो पोहू लागतो. कापण्यापेक्षा गोठवणं माणसाच्या झटक्याला जास्त जवळचं आहे, कारण मेलेला भाग हृदयातच राहतो आणि आधी व्रण धरतो. मग मासा तो व्रण विरघळवतो आणि तिथे स्नायू आणतो. नवा स्नायू कुठून येतो, याचं उत्तर २०१० मध्ये मिळालं. जखमेजवळच्या जुन्या स्नायूपेशी आपली काटेकोर रचना थोडी सैल सोडतात आणि विभागू लागतात.

पुण्यातलं काम

चिन्मय पात्रा या विषयाकडे बांधकामाच्या साहित्याच्या वाटेनं आले. जर्मनीतल्या बाड नाउहाइम इथे फेलिक्स एंगेल यांच्याबरोबर काम करताना २०१२ मध्ये त्यांनी एक शोधनिबंध लिहिला. विषय होता टसर रेशमाच्या प्रथिनावर हृदयपेशी वाढवण्याचा. टसर म्हणजे विदर्भातला कोसा, ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढणाऱ्या किड्यांचा. त्या रेशमाच्या सच्छिद्र सांगाड्यावर उंदराच्या हृदयपेशी नीट चिकटल्या, एकमेकींशी जोडल्या गेल्या आणि एका तालात धडधडत राहिल्या. पेशीला पाय रोवायला जागा कशी मिळते, यावर तिचं वागणं ठरतं, हा विचार तिथून पुढच्या कामात आला.

आघारकर संस्थेतल्या त्यांच्या गटानं २०२१ मध्ये ‘डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. जर्मनीतले दिदिए स्टेनिए आणि अमेरिकेतले केनेथ पॉस त्यात सहभागी होते. विषय एका जनुकाचा, सीसीएन-२ए. हृदयाच्या आतल्या अस्तराच्या पेशी जखम होताच या जनुकाचं प्रथिन तयार करतात आणि बाहेर सोडतात. पेशींच्या मधल्या जागेत राहून ते शेजारच्या पेशींना संदेश देतं.

ते नसेल तर काय होतं, हे पाहण्यासाठी सीसीएन-२ए बंद असलेले मासे घेतले. साध्या माशांत आधी जखमेत नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि स्नायूपेशी त्यांच्या मागोमाग आत येतात. जनुक बंद असलेल्या माशांत रक्तवाहिन्या वेळेवर आल्या, पण स्नायूपेशींची वाढ मंदावली आणि त्या जखमेत नीट भरल्याच नाहीत. याचा अर्थ नुसता रक्तपुरवठा सुरू होऊन भागत नाही. उलट, जनुकाचं काम वाढवलं तेव्हा स्नायूपेशी अधिक वेगानं विभागल्या आणि व्रणातलं कोलॅजेन लवकर हटलं. हे प्रथिन पुनर्जननाला पोषक असं भोवतालचं जाळं उभारणाऱ्या जनुकांना चालना देतं आणि दाहाशी निगडित एका संदेशग्राहकाला आवर घालतं, असं पुढच्या तपासणीत दिसलं.

जनुक हवं तेव्हा वाढवायचं कसं? इथे हीट शॉक प्रथिनं मागच्या दारानं पुन्हा आत येतात. एचएसपी-७० च्या जनुकाआधी डीएनएचा एक तुकडा असतो. उष्णता लागली की तो पुढच्या जनुकाला चालू करतो. झेब्राफिशवर काम करणाऱ्यांत एक रीत रूढ आहे. हा तुकडा आपल्याला हव्या त्या जनुकापुढे जोडायचा. मासा २८ अंशांच्या पाण्यात असेतो जनुक गप्प राहतं. पाणी तासभर ३७-३८ अंशांवर नेलं की ते बोलू लागतं. रितोसांना लाळग्रंथीत दिसलेला फुगा आज हृदयाच्या प्रयोगशाळेत बटण म्हणून वापरला जातो.

या कामातला सगळ्यात विचार करायला लावणारा भाग वेगळाच आहे. माणसाच्या शरीरात याच जनुकाचा भाऊबंद व्रण वाढवणारा म्हणून बदनाम आहे. फुफ्फुस, यकृत, मूत्रपिंड, हृदय, जिथे जिथे ऊती टणक होतात तिथे तो जास्त सापडतो. त्याला रोखणारं एक औषध फुफ्फुसाच्या अशा आजारावर आजमावलं गेलं. २०२३ मध्ये मोठ्या चाचणीत ते अपयशी ठरलं. माशात तेच प्रथिन व्रण हटवायला मदत करतं. तेव्हा एखाद्या रेणूवर चांगला किंवा वाईट असा शिक्का मारून चालत नाही. तो कोणत्या प्राण्यात, कोणत्या पेशींच्या संगतीत, कोणत्या वेळी काम करतो, ते पाहावं लागतं. २०२३ मध्येच पात्रांच्या गटानं दाखवलं, की माशाच्या मणक्यांमधल्या चकत्या वयानं झिजल्या असताना हेच प्रथिन त्या सुधारायला मदत करतं. कंबरदुखीनं बेजार झालेल्यांच्या देशात या निष्कर्षाकडे लक्ष जाणं साहजिक आहे.

आशा किती धरावी

सस्तन प्राण्यांना माशाची ही हातोटी कधीच नव्हती असं म्हणता येत नाही. २०११ मध्ये अमेरिकेत एंझो पोरेलो आणि सहकाऱ्यांनी एक दिवसाच्या उंदराच्या हृदयाचं टोक कापलं, तर ते भरून आलं. सात दिवसांच्या पिल्लात मात्र व्रण राहिला. सस्तन प्राण्यांच्या हृदयपेशी जन्मानंतर लवकरच विभागणं थांबवतात, त्यांत गुणसूत्रांचे जादा संच साठतात आणि सगळी शक्ती आकुंचनाकडे लागते. दर मिनिटाला सत्तर वेळा, आयुष्यभर न थांबता काम करायचं तर रचना सैल सोडून चालत नाही. कदाचित हीच त्याची किंमत असेल.

या क्षेत्रात फसगतही झाली आहे. हृदयात विपुल मूळपेशी असतात, असा दावा करणाऱ्या अमेरिकेतल्या एका नामवंत प्रयोगशाळेचे ३१ निबंध मागे घ्यावेत, अशी शिफारस खुद्द हार्वर्डनं २०१८ मध्ये केली. त्या दाव्यावर विसंबून तोवर रुग्णांवरही चाचण्या झालेल्या होत्या. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही आजार वगळता मूळपेशींचा वापर फक्त रीतसर मंजूर झालेल्या चाचणीतच करता येतो. अशा चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. कुणी लाखो रुपये घेऊन ‘मूळपेशींनी हृदय नवं करून देतो’ म्हणत असेल, तर तिथून उठून यावं.

पुण्यातल्या माशांनी आपल्याला औषध दिलेलं नाही. जखमेत रक्त येणं पुरेसं नसतं, पेशींच्या भोवतालचं जाळंही अनुकूल असावं लागतं, आणि आपण ज्याला शत्रू समजतो ते प्रथिन योग्य जागी मित्र ठरू शकतं, हे मात्र त्यांनी नीट दाखवून दिलं. माणसाच्या हृदयाची बांधणी जमेल तेव्हा जमेल. ती अशा पायावरच जमेल.

बचाव मात्र आजही आपल्या हातात आहे, आणि त्याला एचएसपी-७० ची गोळी लागत नाही. तुंबलेली धमनी जितकी लवकर उघडेल तितक्या जास्त पेशी वाचतात. छातीत दडपण आलं, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, दरदरून घाम फुटला, तर ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणून सोडा पिऊन सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि ईसीजीची सोय असलेलं जवळचं रुग्णालय गाठा.